पाळ फुटली नाही

३ ऑगस्ट १९८१, सोमवार

आज शाळा सुटल्यावर फळ्यावर एक वजाबाकी केली आणि कोणी पाहण्याआधी पुसून टाकली. इथे मात्र लिहून ठेवतो. बाबा वारले तेव्हा त्यांचं वय, दाखल्यांवरच्या तारखांप्रमाणे, शेचाळीस वर्षे, सात महिने, दहा दिवस होतं. माझी जन्मतारीख १८ फेब्रुवारी १९३५. म्हणजे येत्या २८ सप्टेंबरला मी नेमका त्यांच्याएवढा होईन.

बाबा जेवून पाटावरून उठले, चूळ भरली, "भाजीत मीठ बरोबर होतं" असं म्हणाले आणि बाजेवर बसले. बसले ते बसलेच. त्यांना कसलाही आजार नव्हता. मलाही कसलाही आजार नाही. काळजीची गोष्ट हीच आहे.

पवनीच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात छातीला नळी लावली आणि म्हणाले, "गुरुजी, खुर्ची सोडा. घाम येईपर्यंत अंग हलवा." किती घाम, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा प्रमाण मीच ठरवलं. तलावाच्या पाळीवर, मातीच्या त्या लांब बांधावर, धावायचं. महादेवाच्या देवळापासून सलंगेपर्यंत, म्हणजे जिथून तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत, आणि परत. काल पावलं मोजली. एका बाजूने अकराशे चाळीस. २८ सप्टेंबरच्या आत हे जाणं-येणं न थांबता पुरं झालं पाहिजे. झालं, तर बाबांच्या पुढे जाण्याचा मला काही हक्क आहे असं वाटेल.

बायकोला, शकुनला, सांगितलं, "शिस्त म्हणून धावणार आहे." हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात २८ च्या चौकटीत पेन्सिलीने एक टिंब दिलं. सहज कोणाच्या लक्षात येऊ नये एवढंच.

५ ऑगस्ट, बुधवार

पहिला दिवस. शाळेच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, पायजमा मोज्यात खोचलेला. ब्याण्णव पावलं धावलो. त्र्याण्णवाव्या पावलाला मागून आरडाओरड ऐकू आली. वळून पाहतो तर अर्धं गाव फावडी आणि टोपली घेऊन पाळीकडे पळत येत होतं. सगळ्यांच्या पुढे केशवराव, धानाच्या चिखलाने मांड्यांपर्यंत माखलेले.

"गुरुजी, कुठं फुटली जी?"

"काय?"

"पाळ!"

मी या गावात बारा वर्षं आहे, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती ती आली नाही. पावसाळ्यात पाळीवर कोणी धावत नाही. ज्याला पाळ फुटलेली दिसते, तोच धावतो. तो दिसला की ओरडण्याचीही गरज नसते. हातातलं काम टाकून गाव फावडी घेऊन निघतं.

मी म्हणालो, "पाळ ठीक आहे. मी तब्येतीसाठी धावत होतो."

केशवरावांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग मोज्यात खोचलेल्या पायजम्याकडे पाहिलं. "कामाशिवाय?"

"हो."

"मंग घरीच काहून नाही बिमार पडत जी?"

चाळीस माणसं धानाची रोवणी सोडून आली होती. प्रत्येकाची पाऊण तास तरी खोटी झाली. म्हणजे तीस तास. ब्याण्णव पावलांसाठी गावाचे तीस तास खर्ची घालण्याचा मला काय अधिकार?

७ ऑगस्ट, शुक्रवार

सरपंच कृष्णरावांनी बोलावलं. शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला. म्हणाले, "धावा गुरुजी, पण लोकायले सांगून धावा." म्हणून काल संध्याकाळी कोतवालाने दवंडी दिली. शब्द मीच लिहून दिले होते, पण त्याने ते आपल्या पद्धतीने सांगितले: "ऐका हो! उद्यापासून आपले गुरुजी पाळीवर धावतीन! पाळ फुटली नाही, फुटणार नाही! कोणी फावडे आणू नये हो!"

आज सकाळी कोणी फावडी आणली नाहीत. सगळे पाहायला आले. बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. एकशे दहा पावलं. त्यातली शेवटची अठरा केवळ लाजेने. लाज ही धावण्याची योग्य प्रेरणा आहे का? पण अठरा पावलं पुढे गेलो, हे खरं.

१० ऑगस्ट, सोमवार

प्रेक्षक कमी झाले, पण प्रश्न कमी होत नाहीत. "काय झालं जी?" "कोनाले लागलं जी?" थांबून उत्तर द्यावं तर दम जातो, न द्यावं तर उद्धटपणा होतो. शकुन म्हणाली, "रिकाम्या हातानं धावता म्हणून इचारतात. हातात काईतरी धरा ना."

मला हे पटलं. उद्यापासून लोटा नेईन.

आज शाळेत मंदाबाई तिच्या मुलीचं नाव घालायला आली. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "हलका धान कापून राहिलो होतो तवा झाली जी." कुठल्या वर्षी? "ज्या साली आमची काळी म्हस मेली." मी नेहमीप्रमाणे १ जुलै लिहिली. या वर्षी बावीस मुलं १ जुलैला जन्मली आहेत. हे बरं नव्हे, पण रकाना कोरा ठेवता येत नाही. या विषयावर कधीतरी शांतपणे विचार केला पाहिजे.

१३ ऑगस्ट, गुरुवार

लोट्याचा उपाय अपेक्षेबाहेर लागू पडला. तीन दिवस एकानेही प्रश्न विचारला नाही. उलट लोक लगबगीने बाजूला होतात, तोंड फिरवतात, वाट देतात. एकाने तर बैलबंडी बांधाखाली उतरवली आणि म्हणाला, "जा जी, जा, थांबू नका." गावाने माझा उपक्रम स्वीकारला याचं समाधान वाटलं. दोनशे सत्तर पावलं.

संध्याकाळी शेजारच्या ललिताबाई बेलाचा मुरंबा घेऊन आल्या. त्यांच्या पाठोपाठ केशवरावांच्या घरून ताक-भात आला. मग कोतवालाने डाळिंबाची साल आणून दिली आणि उकळून घ्यायला सांगितलं. मी म्हणालो, "हे कशासाठी?" तो दबक्या आवाजात म्हणाला, "आठ दिवसापासून धावून राहिले तुमी. एवढी हगवण बरी नोहोय."

शकुन स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या हसण्याचा आवाज आला असं वाटलं. पण ती तशी नाही.

मुरंबा चांगला आहे.

१९ ऑगस्ट, बुधवार

चार दिवस धावलो नाही. कारणं प्रामाणिकपणे लिहितो. शनिवारी झेंडावंदन होतं. रविवारी पाऊस. सोमवारी बूट ओले. काल बूट कोरडे, पाऊस नाही, शाळा उशिरा. काल केवळ मन झालं नाही. टिंबाकडे पाहिलं तेव्हा छातीत धडधड झाली, पण पाय हलले नाहीत. भीतीने माणूस धावतो म्हणतात. माझा अनुभव असा, की भीतीने माणूस पांघरूण घेतो.

शकुन म्हणाली, "मी महादेवाले चालली. श्रावण हाय. तुमी येता का पाळीपर्यंत?" ती रोज पहाटे जाते. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण सोबत म्हणून गेलो आणि गेलोच आहे म्हणून धावलो. तीनशे दहा. परत आलो तर ती देवळाच्या पायरीवर बसलेली. एवढ्या वेळात पूजा होऊन घरी पोचायला हवी होती. बायकांचे देव फार वेळ घेतात.

२३ ऑगस्ट, रविवार

आज केशवराव पाळीवर उभे राहून माझं धावणं पाहत होते. दवंडीच्या दिवसासारखं नाही, वेगळ्याच नजरेने. त्यांच्याकडे शंकरपटात पळवायच्या बैलांची जोडी आहे आणि बैलांच्या शर्यतीतलं त्यांना कळतं ते तालुक्यात कोणाला कळत नाही. मी थांबल्यावर त्यांनी मला मागून-पुढून न्याहाळलं. दात पाहतात की काय असं वाटलं.

"पाय बरे हायेत. पोट लोंबते. मान खाली घालून धावता, ते वाईट. जवस खाऊ घाला."

"कोणाला?"

"तुमाले जी! अन् एक सांगू? एकटा बैल धावत नाही. चाबूक मारा, शेपटी पिळा, धाप देऊन उभा रायते. बाजूले दुसरा जुंपला का बिनचाबकानं धावते. तुमाले जोडी पायजे."

बोलणं अडाणी वाटलं तरी तर्क शुद्ध आहे. रात्रभर यावर विचार केला. जोडीदार वयाने, उंचीने, स्वभावाने सारखा हवा. सहकारी शिक्षकाला गुडघेदुखी आहे. कृष्णराव सरपंच आहेत. सलंगेवर जाळं लावून बसणाऱ्या नत्थू ढिवराला विचारलं तर तो म्हणाला, "मासे पळतात ते पुरे हाय मले." मग हसून म्हणाला, "पण गुरुजी, तुमची जोडी तं खालच्या पांदीनं..." आणि जाळ्यात मासा आला म्हणून बोलायचा थांबला.

गावात माझ्या जोडीचं कोणी नाही, या निष्कर्षाला आलो.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पोळा. आज बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून झिजलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आमच्याकडे बैल नाहीत. मी बाजेवर पाय पसरून वाचत होतो तर शकुन वाटीत हळद-लोणी घेऊन आली आणि माझे दोन्ही गुडघे चोळू लागली.

"हे काय?"

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती गुडघ्यांना म्हणाली.

पुस्तकात माझं लक्ष लागेना. गुडघे दुखतात हे मी तिला सांगितलं नव्हतं.

२९ ऑगस्ट, शनिवार

पोळा. बैल तोरणाखाली उभे राहिले आणि झडत्या, पोळ्याची चढाओढीची गाणी, सुरू झाल्या. दर वर्षी कोणाची तरी थट्टा होते. या वर्षी माझी पाळी असणार हे मी धरून होतो. कोतवालाने कानावर हात ठेवला:

"पाळीवरून धावते गुरुजी, लोटा घेऊन हाती,
पाळ काई फुटली नाही, फुटल गुरुजीची छाती!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळे हसले. मीही हसलो, यमक चांगलं होतं. शकुन ओवाळायला आलेल्या बायकांत उभी होती. ती हसली नाही. आरतीचं ताट ललिताबाईंच्या हातात देऊन घरी निघून गेली. पुरण आज जरा लागलं होतं. दमली असावी.

९ सप्टेंबर, बुधवार

सातशे ऐंशी. जवस खातो आहे. श्रावण संपून दहा दिवस झाले, तरी शकुनचं महादेवाला जाणं चालूच आहे. विचारलं, तर म्हणाली, "नवस हाय." कशाचा, ते सांगत नाही. तिच्या वहाणा मुरमाने लाल झालेल्या असतात. देवळाच्या वाटेवर तर मुरूम नाही, काळी माती आहे. कुठून लागतो कोण जाणे.

१७ सप्टेंबर, गुरुवार

सलंगेला पोचलो! अकराशे चाळीस, न थांबता! नत्थूने जाळं सोडून टाळ्या वाजवल्या. "आता परत जा जी." परत मात्र चालत आलो. अर्धं झालं. उरले अकरा दिवस.

२४ सप्टेंबर, गुरुवार

परतीची चारशे झाली. जमेल असं वाटतं, आणि तिथेच गाडी अडली आहे.

पितृपक्ष चालू आहे. बाबांची तिथी नक्की कोणाला ठाऊक नाही म्हणून आम्ही सर्वपित्री अमावस्येला पान वाढतो. यंदा ती अमावस्या २८ लाच आली. बाबांच्या वयाचा तो दिवस आणि बाबांचंच पान. मी अंधश्रद्ध नाही. पण त्या दिवशी धावलो आणि काही झालं, तर लोक म्हणतील धावण्याने मेला. न धावता काही झालं, तर निदान धावण्याची तरी बदनामी होणार नाही. म्हणजे न धावणं हेच सार्वजनिक हिताचं आहे.

हे वाक्य पुन्हा वाचलं. यात घाबरटपणा आहे. तरी खोडत नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

शकुनला म्हणालो, "उद्या पाय लचकल्यासारखा वाटतो." उद्या लचकणारा पाय आज कसा वाटेल, हे तिने विचारलं नाही. नुसती कॅलेंडरकडे पाहत राहिली. मी खोटं बोललो, अशी नोंद करतो.

२८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उठलोच नाही. डोळे उघडे ठेवून बाजेवर पडून राहिलो आणि नाडी मोजली. ब्याऐंशी. परत मोजली तर शहाण्णव. मोजण्यानेच वाढते असं दिसलं.

शकुन दारात आली. "नाही येत?"

"पाय..."

ती कोपऱ्यातला माझा लोटा उचलून गेली. मला वाटलं, देवाला पाणी घालायला.

थोड्या वेळाने ललिताबाई ओरडत अंगणात आल्या. "गुरुजी! अवो गुरुजी! शकुनबाई पाळीवर धावून राहिली!"

पुढचं नीट आठवत नाही. बूट घातले नव्हते. अंगात बंडी होती. पाळीवर चढलो तेव्हा शकुन शंभर-एक पावलं पुढे होती. लुगड्याचा ओचा खोचलेला, हातात लोटा, आणि खरोखरीच धावत होती. मी हाक मारली. ती थांबली नाही. मनात नाही नाही ते आलं: तलाव, नवस, पितृपक्ष. "शकुन! थांब!" सलंगेपाशी नत्थू तोंड उघडं टाकून उभा होता. ती त्याला वळसा घालून माघारी फिरली आणि माझ्या बाजूने निघून गेली. जाताना म्हणाली, "मान वर करा जी."

मीही सलंगेला वळसा घातला आणि तिच्या मागे धावलो. देवळापाशी तिला गाठलं. ती पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी पडलो.

श्वास आला तेव्हा दिसलं, समोर अख्खं गाव फावडी-टोपली घेऊन उभं होतं.

केशवराव धापा टाकत म्हणाले, "कुठं फुटली?"

"कुठे नाही. दवंडी दिली होती ना?"

"दवंडी तुमच्यासाठी होती जी. गुरुजी धावले तं काई नाही. पण बाई धावली, अन् मागून गुरुजी बोंबलत, म्हंजे फुटलीच!"

शकुन पदराने वारा घेत होती. तिला माझ्यापेक्षा कमी दम लागला होता. मी म्हणालो, "तुला धावायला कधीपासून येतं?"

"खालच्या पांदीनं, त्या मुरमाच्या वाटेनं, रोज धावत येत होती तुमच्यासंगं. तुमी पडले-बिडले तं कोन उचलन?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "अन् ते टिंब पुसा आता. बाबाचं वय धरून बसले ना?"

मी पायांची धूळ झटकू लागलो.

"तुमचा जलम फेब्रुवारीचा नोहोयच जी. सासूबाईनं मले दहादा सांगतलं. गावात मंडईची जत्रा होती. सुईण दंडारीचा खेळ पाहाले जाऊन बसली होती, तिले तिथून धरून आणलं. मंडई दिवाळीच्या मांगून रायते का शिमग्याच्या?"

"मग अठरा फेब्रुवारी?"

"ते तुमच्या गुरुजीनं लिवलं. तुमी मंदाबाईच्या पोरीले लिवून देलं तसं."

पायरीवर बसल्या बसल्या हिशेब केला. मंडई म्हणजे नोव्हेंबर १९३४. त्यात शेचाळीस वर्षे, सात महिने, दहा दिवस मिळवले तर जून येतो. कॅनव्हासचे बूट पायात घालण्याच्या दीड महिना आधीच मी बाबांपेक्षा मोठा झालो होतो. त्या दिवशी मी काय करत होतो तेही आठवत नाही. बहुधा खुर्चीवर बसलो होतो.

"टिंब दिलं तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं तुमी धावले असते?"

मी तिच्याजवळचा लोटा सरळ करून ठेवला.

ती पुढे म्हणाली, "अन् बाबाची तारीख तरी कोन खरी लिवली..."

"राहू दे," मी म्हणालो.

केशवराव सगळं ऐकत उभे होते. लोकांकडे वळून म्हणाले, "जोडी बरोबर हाय. पण बाईले बाहेरच्या अंगानं जुंपा, ते जास्त ओढते." मग फावडी घेऊन आलोच आहोत म्हणून सगळ्यांनी मिळून पाळीवरची खेकड्यांची बिळं बुजवली. तीस तास फुकट गेले नाहीत.

दुपारी पान वाढलं. कावळा लगेच आला. भाजीत मीठ बरोबर होतं. मी तसं मोठ्याने म्हणालो नाही.

रात्री ध्यानात आलं: सलंगेपर्यंत आणि परत, मी कुठेच थांबलो नव्हतो. दोन हजार दोनशे ऐंशी पावलं. मोजली मात्र नाहीत.

२९ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्ती: ३ ऑगस्टच्या नोंदीतली वजाबाकी बरोबर आहे, आकडे चूक आहेत. कॅलेंडरवरचं टिंब खोडरबराने पुसलं. खऱ्या जन्मतारखेमुळे तीन महिने आधी निवृत्त व्हावं लागेल; शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं माझं कर्तव्य आहे का, यावर दिवाळीनंतर विचार करीन.

आज धावायला कोणतंच कारण उरलं नव्हतं. भीती नाही, तारीख नाही. पडल्या पडल्या कारण शोधत होतो. दाराशी पाहिलं तर दोन लोटे घासून ठेवलेले होते.

पाळीवर कोणी काही विचारलं नाही. एक बैलबंडी मात्र बांधाखाली उतरली आणि गाडीवान म्हणाला, "अरेरे, आता बाईलेबी!"

रात्री जेवून उठलो, चूळ भरली आणि मोठ्याने म्हणालो, "भाजीत मीठ बरोबर होतं."

शकुन म्हणाली, "मंग उभे काहून? बसा."

बसलो. थोड्या वेळाने उठलो.